तान्ह्या बाळाची पातळ शी : जुलाब कधी म्हणायचे आणि कशामुळे होतात?

रात्रपाळी
मुलगी दोन महिने पूर्ण करून तिसऱ्यात आहे. फक्त अंगावरचं दूध, वरचं काहीही नाही. पहिल्यापासून जवळजवळ प्रत्येक पाजण्यानंतर थोडी थोडी शी करते, त्याची आता सवय झाली होती. पण गेल्या काही दिवसांत शी हिरवट आणि फेसाळ झाली आहे, शिवाय दुसऱ्या खोलीत ऐकू येईल असा आवाज करून येते. ताप नाही, दूध व्यवस्थित ओढते, हसते, रात्री आम्हाला जागं ठेवण्याचं कामही चोख चालू आहे.

घरात तीन पक्ष पडले आहेत. सासूबाई म्हणतात तुझ्या खाण्यातून गेलं. आई फोनवर म्हणते दात लवकर येणार असतील. नवऱ्यानं लॅक्टोज पचत नसल्याचं निदान मोबाइलवरून केलं आहे आणि मी दूध सोडावं म्हणतो. लशीसाठी डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा विचारीनच. पण तोवर मला समजून घ्यायचं आहे की एवढ्या लहान बाळात 'पातळ' आणि 'जुलाब' यांतली रेघ कुठे असते? आणि तुमच्याकडे असं झालं तेव्हा कारण काय निघालं?

गप्पिष्ट
डबा खाता खाता धागा उघडला. शीर्षकावर वैधानिक इशारा टाकायचा ना!

चिऊचा_घास
रात्रपाळी, आधी दीर्घ श्वास घे. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळच असते. पिवळी, मध्ये दाणे दाणे, फारसा वास नाही. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात दर पाजण्याला एक शी हेही नेहमीचं. पोटात दूध पडलं की आतड्याला ढकलणी मिळते, मोठ्यांनाही जेवल्यावर जावंसं वाटतं तसंच. पुढे तीच बाळं चार-चार दिवस शी करत नाहीत आणि मग आपण उलट्या दिशेनं घाबरतो.

माझ्या मुलाचं सगळं सुरळीत असताना शेजारच्यांनी 'किती पातळ गं' म्हणून म्हणून मला वेड लावलं होतं. त्याचं वजन मात्र मस्त वाढत होतं.

दुपटं
+१. वजन वाढतंय ना, हा पहिला प्रश्न. हिरव्या रंगाला मी काही किंमत देत नाही. पित्ताचा मूळ रंगच हिरवा, आतड्यातून माल लवकर पुढे सरकला की तो पिवळा व्हायला वेळ मिळत नाही.

स्टेथो
बालरोगतज्ज्ञ आहे, पण इथे कुणाच्या बाळाचं निदान करणार नाही. सर्वसाधारण सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या अशी : दिवसाला तीन किंवा अधिक वेळा पातळ शी, किंवा त्या बाळाच्या नेहमीपेक्षा जास्त वेळा. त्याच व्याख्येत स्पष्ट म्हटलंय की अंगावर पिणाऱ्या बाळाची मऊ, पातळसर शी म्हणजे जुलाब नव्हेत. म्हणून मी आयांना आकडा विचारत नाही, बदल विचारतो. कालपर्यंत जशी होती त्यापेक्षा अचानक पाण्यासारखी झाली का? डायपरमध्ये घन भाग उरतो की सगळं शोषलं जाऊन नुसता डाग राहतो? घाण वास, आव, रक्त? आणि बाळ कसं आहे? पिणारं, हसणारं, सू करणारं बाळ आणि मलूल बाळ, दोघांची शी सारखीच दिसली तरी मला दुसऱ्याची काळजी जास्त.

दोन महिन्यांच्या आसपासच्या बाळाला खरोखर पाण्यासारखे जुलाब होत असतील तर मात्र घरी वाट बघू नका. एवढ्या जिवात पाण्याचा साठा थोडा असतो, तो लवकर संपतो. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर शी कशीही असो, त्याच दिवशी दाखवा.

नातवंडांची_आजी
दात येताना जुलाब होतातच. माझ्या तिन्ही मुलांना झाले, आता नातवंडांना होताहेत. पुस्तकं काहीही म्हणोत.

वेताळ२
आजी, दोन महिन्यांत कसले दात?

नातवंडांची_आजी
या बाळाचं म्हणत नाही मी. एकंदर सांगतेय. हिरड्या शिवशिवल्या की पोट बिघडतं.

दुपटं
आजी, तुमचं निरीक्षण खोटं नाही, पण त्याच सुमाराला आणखी काय काय होतं बघा. सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते. बाळ पालथं पडून, सरकून जे हाताला लागेल ते तोंडात घालतं, चप्पल असो की रिमोट. आणि तेव्हाच वरचं अन्न सुरू होतं, म्हणजे नवीन वाट्या, नवीन चमचे, नवीन हात. दात बिचारे त्याच वेळी उगवतात आणि आरोप त्यांच्यावर येतो.

नातवंडांची_आजी
मग मी म्हणतेय तेच झालं की. दात येताना जुलाब होतात. कारण तुमचं, वेळ माझी.

वेताळ२
आजी रॉक्स.

स्टेथो
आजींची वेळ मान्य! माझी हरकत दुसरीकडे आहे. दातांमुळे लाळ गळते, बाळ किरकिर करतं, अंग किंचित कोमट लागतं. पाण्यासारखे जुलाब किंवा चांगला ताप दातांनी येत नाही. 'दातांचे आहेत, होतील बरे' म्हणून दोन दिवस घरी ठेवलेली मुलं डोळे खोल गेलेल्या अवस्थेत आमच्याकडे येतात. त्यांना जंतुसंसर्ग असतो, दातांच्या नावाखाली तो झाकला जातो.

लिंबोणी
आमच्याकडे वेगळंच निघालं, म्हणून सविस्तर लिहिते.

लेक अंगावरच प्यायची. साधारण रात्रपाळीच्या मुलीएवढी असताना शीत शेंबडासारखा चिकट भाग दिसायला लागला आणि मग लाल रेघा. बाळ अगदी मजेत, वजनही वाढत होतं, त्यामुळे घरातले म्हणत होते गुदद्वाराला चीर पडली असेल. डॉक्टरांनी गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असण्याची शक्यता सांगितली. मी जे दूध, दही, पनीर खाते त्यातल्या प्रथिनाचे अंश माझ्या दुधातून तिच्यापर्यंत जातात. मला दोन ते चार आठवडे सगळे दुग्धजन्य पदार्थ बंद करायला सांगितले. बिस्किटं, ब्रेड, तयार सूप, कशाकशात दुधाची भुकटी असते हे तेव्हा कळलं. रक्त आधी थांबलं, चिकटपणा जायला आणखी वेळ लागला. मग डॉक्टरांनी मुद्दाम मला पुन्हा दूध प्यायला लावलं आणि रेघा परत दिसल्या, तेव्हा निदान पक्कं झालं. ही शेवटची पायरी कुणी गाळू नका. नाहीतर आपोआप बरं झालेलं असतं आणि आई उगाच वर्षभर दूध सोडून बसते. पहिल्या वाढदिवसानंतर हळूहळू तिला सगळं चालू झालं.

रात्रपाळी
लिंबोणी, म्हणजे नवऱ्याचं बरोबर? दूध सोडू?

लिंबोणी
नाही नाही, त्याचं निदान वेगळं आहे. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, माझी गोष्ट प्रथिनाची. रक्त-बिक्त काही नसेल तर तू कशाला सोडतेस?

स्टेथो
ही गल्लत इतक्यांदा होते की थोडं थांबून लिहितो. आईच्या दुधात साधारण सात टक्के लॅक्टोज असतं आणि ते आईच्याच शरीरात तयार होतं. आईनं दूध पिणं सोडलं तरी ते कमी होत नाही. त्यामुळे लॅक्टोजच्या संशयावरून आईचं दूध-दही बंद करण्याला अर्थ नाही. जन्मतःच लॅक्टोज न पचणं अतिशय दुर्मीळ आहे, आणि तसं असेल तर बाळ पहिल्या दिवसांतच खंगायला लागतं. दोन महिने गुटगुटीत वाढून मग ते उगवत नाही.

लॅक्टोजचा त्रास बाळांना होतो तो बहुधा दुसऱ्या एखाद्या आजाराच्या मागून. लॅक्टोज पचवणारं विकर आतड्याच्या आतल्या बारीक लवीच्या टोकाला असतं. जोराचा संसर्ग झाला की आधी ती टोकंच झडतात. मग साखर न पचता पुढे जाते, आंबते, आणि आंबट वासाची, फेसाळ, धडाक्यानं येणारी शी होते. बूड लालभडक होतं. लव पुन्हा उगवली की हा त्रास जातो.

वेताळ२
रात्रपाळी, नवऱ्याला हा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखव.

शांत_झोपेचा_शोध
आमच्या जुळ्यांपैकी फक्त एकाचं असं हिरवं-फेसाळ व्हायचं. दोघांना एकच आई, एकच दूध. स्तनपान सल्लागार म्हणाल्या की बायकोला दूध भरपूर येतंय आणि हा पठ्ठ्या थोडं थोडं पिऊन बाजू बदलतोय. सुरुवातीच्या पातळ दुधात साखर तेवढीच पण स्निग्धांश कमी, ते भराभर पुढे सरकतं. एक बाजू नीट रिकामी होईपर्यंत त्याच बाजूला पाजलं, मग दुसरी. फरक पडला. आजार नव्हताच.

चिऊचा_घास
हेच लिहायला आले होते. रात्रपाळी, पिताना ठसकते का गं? दूध जोरात येतं का?

रात्रपाळी
ठसकते! आणि मी दर काही मिनिटांनी बाजू बदलते, कारण दुसरीकडून गळायला लागतं.

वॉर्डातली_ताई
लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. वरचं दूध घेणाऱ्या बाळांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

पावडरचं दूध करताना चमचा शीग लावून भरला किंवा पाणी कमी घातलं तर दूध दाट होतं. 'बाळ सुधारेल' म्हणून मुद्दाम करणारे लोक आहेत. त्यानं पोट बिघडतं आणि शरीरात क्षार वाढतात. डब्यातलाच चमचा, सपाट, आणि डब्यावरच्या मापानंच पाणी. आधी पाणी, मग पावडर. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळून किंचित निवलेल्या पण निदान ७० अंश गरम पाण्यात ती कालवायला सांगतात. मग बाटली थंड पाण्याखाली धरून कोमट करायची. उरलेलं दूध पुढच्या वेळेला नाही. बाटलीचं बूच आणि बुचाखालची खाच ब्रशनं घासा, आम्हाला तिथेच आंबट साय चिकटलेली सापडते.

दुसरं ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच. 'बाळ कितीसं पिणार' म्हणून चतुर्थांश पाकीट अंदाजानं पेल्यात घालतात, त्यात मीठ किती गेलं कुणालाच कळत नाही. पूर्ण करा, २४ तासांत उरलं तर ओता. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, उलट जास्त वेळा. जुलाबात दूध तोडलं म्हणून बाळ बरं झालं असं मी कधी पाहिलं नाही, वाळलेलं पाहिलंय. सहा महिन्यांखालच्या बाळाला ओआरएस देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

ग्रंथपाल
ओआरएसचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खायचा सोडा मापात मिसळून पिंपातून वाटला, नातेवाईकांनीच रुग्णांना पाजायचा. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्याही खाली आला. यामागचं शास्त्र असं की आतड्यात साखर आणि सोडियम जोडीनं आत जातात आणि पाण्याला ओढून नेतात. जुलाबात बाकी सगळं कोलमडलं तरी हा दरवाजा बहुधा चालू राहतो. नुसतं पाणी किंवा नुसतं साखरपाणी म्हणूनच पुरत नाही. २००२ मध्ये मिश्रण आणखी सौम्य केलं गेलं, त्यामुळे उलट्या आणि शीचं प्रमाणही कमी झालं.

गप्पिष्ट
डबा संपवून परत आलो. अवांतर आवडलं, मूळ धागा धाडसानं वाचतोय. एक प्रश्न : आमच्या पुतण्याला कानाच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक दिलंय आणि त्यालाच जुलाब लागलेत. औषध बंद करायचं का?

स्टेथो
स्वतःहून नाही. अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात, सौम्य जुलाब बऱ्याच मुलांना होतात आणि कोर्स संपला की थांबतात. मूल खातंपितं असेल तर डॉक्टरांना फक्त फोन करा. रक्त आलं किंवा जुलाब वाढतच गेले तर दाखवा. आणि गंमत अशी की कानाच्या किंवा लघवीच्या संसर्गामुळेही तान्ह्या मुलांची शी पातळ होते, औषध घेण्याआधीपासूनच. पोट बिघडलंय म्हणून फक्त पोटच तपासायचं नसतं.

वेताळ२
रोटाव्हायरसबद्दल कुणी लिहिणार का? आमच्या मुलीला लस दिलेली असूनही जुलाब झाले, मग लशीचा उपयोग काय?

वॉर्डातली_ताई
लस फक्त रोटाची. नोरोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, साल्मोनेला, शिगेला ही मंडळी वेगळी. आणि रोटासुद्धा लशीनंतर होऊ शकतो, पण सलाइन लावायची वेळ फार कमी मुलांवर येते. हा फरक आम्हाला वॉर्डात दिसतो.

रोटाचं चित्र ठरलेलं : आधी उलट्या आणि ताप, मागोमाग पाण्यासारखे जुलाब, तीन ते आठ दिवस. अगदी थोडे विषाणू तोंडात गेले तरी पुरतात आणि ते खेळण्यांवर, दाराच्या मुठींवर कित्येक दिवस टिकतात. डायपर बदलल्यावर साबण-पाण्यानं हात धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर जाऊ नका. लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, तोही काही दिवस शीतून पडतो. लशीनंतर एक-दोन दिवस शी जरा सैल झाली तर त्यात आश्चर्य नाही.

स्टेथो
एक भर. पहिला डोस उशिरा द्यायचं टाळतात, कारण बाळ काही महिन्यांनी मोठं झालं की आतडं आतड्यात शिरण्याचा धोका मुळातच जास्त असतो. १९९९ मध्ये एक जुनी रोटा लस याच कारणानं मागे घेतली गेली होती. आताच्या लशींत हा धोका फारच कमी आहे, पण लक्षण माहीत हवं : बाळ थोड्या थोड्या वेळानं पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मध्ये गळून पडतं, उलट्या, आणि नंतर लाल जेलीसारखी शी. हे जुलाब समजून घरी बसायचं नाही, थेट रुग्णालय.

दुपटं
पाणी कमी झालंय हे कसं ओळखायचं तेही लिहा ना कुणीतरी. सगळे 'सू बघा' म्हणतात, पण पातळ शी असली की डायपरमध्ये सू वेगळी कळतच नाही. मुलीची तर नाहीच.

वॉर्डातली_ताई
खरंय. पुढच्या बाजूला कापसाचा पातळ थर ठेवा, तो ओला झाला का बघा. किंवा काही तास साधा लंगोट लावा. सहा-आठ तास सू नाही, तोंड कोरडं, डोळे खोल, टाळू आत गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली जाते, बाळ पेंगतं किंवा उलट प्यायला हपापतं, यातलं काहीही दिसलं की निघा. रडताना पाणी येतं का, हे पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला लागू नाही, तेव्हा अश्रू फारसे नसतातच.

मोठ्या माणसांची जुलाब थांबवायची गोळी बाळाला कधीही देऊ नका, अर्धी नाही, पाव नाही. आतडं सुस्तावतं आणि घाण आत साचते.

चिऊचा_घास
आणि रंगांचं काय? लाल कळलं. बाकीचे?

स्टेथो
पिवळा, हिरवा, तपकिरी, तिन्ही चालतात. लोहाच्या थेंबांनी काळपट होते. तसं कारण नसताना डांबरासारखी काळी (जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सोडून) असेल तर दाखवा. पांढरट किंवा मातकट शी ही खरी घाईची, विशेषतः कावीळ रेंगाळली असेल तर. पित्तनलिका बंद असू शकते आणि त्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यश जास्त. पातळ शीनं लोक लगेच धावत येतात, फिकट शी मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही.

रात्रपाळी
लस घेऊन आलो. डॉक्टरांनी आधी वजन केलं, छान वाढलं होतं. मग मी जपून नेलेला डायपर बघितला (नवरा दारातच थांबला). रक्त नाही, आव नाही. मग मला पाजायला लावलं आणि बघत बसले. शांत_झोपेचा_शोध यांचं निदान बरोबर निघालं. एक बाजू पूर्ण, मग दुसरी, आणि दूध फार जोरात आलं तर जरा मागे रेलून पाजायचं. औषध नाही, तपासणी नाही, माझ्या जेवणात बदल नाही. सासूबाईंना त्यांनी स्वतः सांगितलं, त्यामुळे माझं काम वाचलं. आईचं दातांचं म्हणणं मात्र कायम आहे.

नातवंडांची_आजी
आईला माझा नमस्कार सांग.

मध्यरात्रीचा_चहा
धागा जुना झालाय, तरी विचारते. मुलगा दहा महिन्यांचा. मध्यंतरी उलट्या-जुलाब होऊन ओआरएसवर बरा झाला, ताप गेला, खेळतोय. पण शी अजून फेसाळ, आंबट वासाची, आणि बूड सोलल्यासारखं. सू नीट होते. नातेवाईकांनी फळांचा रस सुचवलाय, ताकद येईल म्हणून.

स्टेथो
रस नको. त्यातली फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल आतड्यात पाणी ओढतात, बऱ्या होत आलेल्या मुलाचे जुलाब त्यानंच लांबतात. एक वर्षाखाली रस तसाही देऊ नये. वर लवीबद्दल लिहिलंय तेच बहुधा चालू असेल, पण मुलाला एकदा दाखवा. वरचं दूध घेत असेल तर डॉक्टर काही दिवसांसाठी लॅक्टोज नसलेलं सुचवू शकतील. अंगावरचं असेल तर तेच चालू. जुलाबांसाठी झिंकचं औषध सुरू केलं असेल तर शी घट्ट झाली म्हणून मध्येच सोडू नका, १० ते १४ दिवसांचं असतं ते. जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले तर नव्यानं तपासणी लागते.

वॉर्डातली_ताई
बुडासाठी : ओले वाइप्स बंद, कोमट पाण्यानं धुवून टिपून कोरडं करा, घासू नका. झिंक ऑक्साइडचं मलम जाड थरात, आणि पुढच्या वेळी ते खरवडून काढायचं नाही, वरची घाण तेवढी काढून त्यावरच पुन्हा लावायचं. दिवसातून थोडा वेळ डायपरशिवाय ठेवा. खाली जुनी चादर घाला.

मध्यरात्रीचा_चहा
अंगावरचं आणि वरचं, दोन्ही घेतो. उद्याच दाखवते. जुन्या चादरी सगळ्या संपल्यात, आता गप्पिष्ट यांच्या डब्याचा रुमाल मागावा लागेल.

गप्पिष्ट
मी धाग्यातून रजा घेतो.